हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: बडोद्याहून सगळ्यांना घेऊन निघताना

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. तिकिटं आणि खोल्या नंतर. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट देवळाजवळून डोंगरावर चढते, मग कातळाच्या दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या खाचेतून उभ्या पायऱ्यांनी समुद्रापाशी उतरते आणि लाटांनी कापलेल्या खडकावरून किनाऱ्याला परत येते. हा खालचा तुकडा ओहोटीतच चालायचा. भरतीत तिथे लोक बुडाले आहेत.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तिच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-साडेनऊला पाणी सगळ्यात खाली असतं, ऊनही तापलेलं नसतं. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर हेच दिवस धरा. पौर्णिमेला जोडून सुट्टी आली म्हणून गेलात तर ऐन दुपारी समोर उधाण असेल. हा झाला अंदाज. नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या आणि जिथे मुक्काम आहे तिथल्या घरमालकाला फोन करून पक्की करा.

आणि तारीख बदलली की भरती पुन्हा पाहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आठवड्यात जवळजवळ सहा तास. गेल्या शनिवारी ज्या वेळेला ओहोटी होती, त्याच वेळेला या शनिवारी भरती. मागच्या खेपेला तिकिटं वेटिंगवर राहिली म्हणून बेत आठवडाभर पुढे गेला. खोल्या बदलल्या, गाडीवाल्याला कळवलं, ग्रुपवर भरतीची वेळ मात्र जुनीच राहिली. निम्म्या पायऱ्या उतरलो तर खाली खडक दिसतच नव्हता, खाचेच्या तोंडाशी फेस येत होता. सत्तरीच्या काकूंना त्याच पायऱ्या परत चढवाव्या लागल्या. म्हणून एका दिवसाने जरी तारीख हलली, तरी भरती पुन्हा पाहा. कावी-कंबोईचं समुद्रकाठचं शंकराचं देऊळ, स्तंभेश्वर, भरतीत पाण्याखाली जातो हे बडोद्यात पोरांनाही ठाऊक असतं, तिथे आपण वेळ विचारल्याशिवाय निघत नाही. मग कोकणात जाताना का विसरायचं?

आता माणसं. प्रत्येकाला एकच विचारा: पायऱ्या उतरता येतात का? चढण्याचं सगळे हो म्हणतात, गुडघा बोलतो तो उतरताना. कमाटीबागेतल्या सपाट वाटेवरच्या फेऱ्यांनी याचा अंदाज येत नाही. त्यासाठी पावागडला जा, माचीहून वर रोपवेने आणि खाली पायऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना जिन्यावरून उतरताना कठडा धरावा लागेल, त्यांनी हरिहरेश्वरला डोंगराच्या माथ्यापर्यंतच जायचं. पायऱ्या सुरू होतात त्या जागेवरून समुद्र छान दिसतो, आणि तिथून मागे फिरण्यात काही कमीपणा नाही. त्यांच्याबरोबर परत कोण येणार ते बडोद्यातच नावानिशी ठरवा. ऐनवेळी तरुण मंडळी खाली पळतात आणि काका-काकू वर एकटे राहतात, हे मला बिलकुल चालत नाही.

ज्यांना चढायचंच नाही त्यांच्यासाठी देऊळ आणि किनारा आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन सावकाश होऊ द्या. त्यांना पिशव्या राखायला बसवू नका. व्हीलचेअर असेल तर कोरड्या वाळूत चाकं रुततात, ओहोटीने मोकळी झालेली ओली, दबलेली वाळू मात्र चाकं पेलते. म्हणजे त्यांच्यासाठीही ओहोटीची वेळ लागतेच. तारीख बदलली तर त्यांचाही बेत बदलतो, विसरू नका.

वेळ लावताना गटात जो सगळ्यात हळू चालतो त्याचा वेग धरा. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पायऱ्या उतरायला लागा आणि पाणी वळायच्या सुमारास सगळे वाळूवर आलेले असू द्या. ‘आत्ताच तर ओहोटी झाली, बसू जरा’ असं कोणीतरी म्हणणारच, ऐकू नका. भरती सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढायच्या पाण्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. पहिला तास पाणी हललेलं जाणवतही नाही, आणि नंतर पळायला खडक उरत नाही. तो खडकही पळण्यासारखा नाही: सगळीकडे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, मधल्या खळग्यांत पाणी, त्यावर हिरवं शेवाळ. स्लीपर, गुळगुळीत तळाच्या चपला, नवे कोरे बूट, तिन्ही घरी ठेवा. मागून पट्टा असलेली, रबरी खाचांच्या तळाची सँडल सगळ्यात बरी. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत. वरही कड्याच्या टोकापासून दोन माणसांचं अंतर ठेवा, कारण लाटा खालून दगड पोखरतात आणि सुकलेल्या गवतावरून पाय सटकतो. मुलांचा हात धरा.

पावसाळ्यात हा बेत करूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

रात्रीच्या गाडीने पोचून त्याच सकाळी चालायला निघू नका, एक मुक्काम आधी करा. आदल्या संध्याकाळी भरतीची वेळ पुन्हा विचारा. हो, पुन्हा. खाण्यात दशम्या, खाकरा, केळी. बडोद्याचा लीलो चिवडा परतल्यावर खा, त्याने तहान लागते. पाणी माणशी दीड लिटर, टोपी, नेहमीच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात. तातडीला 112, समुद्रात काही झालं तर तटरक्षक दलाचा 1554. खडकावर फोनला रेंज मिळेलच असं धरू नका.

परतताना बाणकोटला जायचं असेल तर बागमांडल्याहून जंगलजेटी, म्हणजे फेरीबोट, गाडीसकट वेसवीला नेते. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.