यूपीआयच्या सवयीने क्रिप्टो वापरू नका: या चुका टाळा

मुंबईत भाजीच्या गाडीपासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटवलेला असतो. स्कॅन केलं, समोरच्याचं नाव दिसलं, पिन टाकला, गाडीवरचा स्पीकर बोलला की व्यवहार संपला. चुकलं तर निदान बँकेकडे तक्रार करता येते. बोटांना पडलेलं हेच वळण घेऊन माणूस क्रिप्टोकडे जातो. तिथे पाठवण्याआधी कुणाचं नाव दिसत नाही, तक्रार ऐकायला बँक नसते आणि गेलेले पैसे मागे खेचायची सोयही नसते. भाव पडून झालेला तोटा सगळ्यांना कळतो. मात्र माझ्याकडे अडचण घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं भावाचं नसतंच.

पाठवले, पण पोहोचले नाहीत

सर्वाधिक गोंधळ नेटवर्कचा, म्हणजे नाणी ज्या मार्गावरून जातात त्याचा. यूएसडीटी या डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्याचं नाव एकच, पण ते इथेरियमवर चालतं, ट्रॉनवर चालतं, बीएनबी स्मार्ट चेनवर आणि सोलानावरही. दादर एकच असलं तरी पश्चिम रेल्वेचं वेगळं आणि मध्य रेल्वेचं वेगळं, तसंच हे. एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवरून, काढताना नेटवर्कची यादी समोर येते आणि लोक सगळ्यात कमी फी असलेलं निवडून मोकळे होतात. पैसे घेणारा त्या नेटवर्कवर आहे का, हे विचारायचं राहून जातं.

अशा वेळी घाबरून इंटरनेटवर मदत मागत सुटू नका. आधी पैसे कुठे गेलेत ते बघा. इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेनवरचे पत्ते, म्हणजे खाते क्रमांकासारख्या लांबलचक अक्षरमाळा, एकसारखे दिसतात, दोन्हींची सुरुवात ‘0x’ अशी. त्यामुळे स्वतःच्याच वॉलेटवर, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या ॲपवर, चुकीच्या नेटवर्कने पाठवलं असेल, तर बहुतेक वेळा काहीच हरवलेलं नसतं. वॉलेटमध्ये ते दुसरं नेटवर्क जोडा, टोकन, म्हणजे ते नाणं, जोडा, शिल्लक दिसेल. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले असतील, तर व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घेऊन त्यांच्या ॲपमधूनच तक्रार नोंदवा. काही एक्स्चेंज फी घेऊन काढून देतात, काही हात वर करतात. एक्सआरपी हे नाणं पाठवताना डेस्टिनेशन टॅग, म्हणजे ते कोणत्या ग्राहकाचं हे एक्स्चेंजला सांगणारा क्रमांक, राहिला असेल तरी हाच मार्ग, आणि तिथे यश येण्याची शक्यता बरी असते. अनोळखी माणसाच्या पत्त्यावर गेले असतील, तर तो परत करेल या आशेपलीकडे हातात काही नसतं.

म्हणून मोठी रक्कम पाठवण्याआधी थोडीशी पाठवून बघा. दोनदा फी जाते, जाऊ दे.

आणखी एक घातक सवय म्हणजे ‘मागच्या वेळी पाठवले होते त्यालाच’ म्हणत व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलणं. यूपीआयमध्ये हे चालतं. इथे भामटे तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवतात. तो पत्ता तुमच्या यादीत येऊन बसतो आणि पुढच्या वेळी तुम्ही तोच कॉपी करता. पत्ता दर वेळी घेणाऱ्याकडून घ्या किंवा ॲपच्या ॲड्रेस बुकमध्ये एकदाच नीट तपासून ठेवा. मधली अक्षरंही जुळवा. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना बदलणारे व्हायरसही असतात.

बिटकॉइन ‘पेंडिंग’ दिसतंय म्हणून रात्रभर जागणारेही भेटतात. बिटकॉइनचा नवा ब्लॉक, म्हणजे नोंद झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी येतो. गर्दी असली आणि तुम्ही फी कमी लावली असली, तर व्यवहार रांगेत थांबतो. ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे व्यवहारांची स्थिती दाखवणाऱ्या वेबसाइटवर, हॅश टाकून बघा. वॉलेटमध्ये फी वाढवण्याची सोय असेल तर वाढवा, नसेल तर थांबा. बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असा रखडलेला व्यवहार साधारण दोन आठवड्यांनी रांगेतून गळतो आणि नाणी पुन्हा वापरता येतात. ‘पैसे द्या, आम्ही सोडवून देतो’ असं टेलिग्रामवर सांगणाऱ्याला ब्लॉक करा.

यूएसडीटी दिसतंय पण हलत नाही, ही तक्रारही नेहमीची. ट्रॉनवर फीसाठी तिथलं नाणं टीआरएक्स लागतं, इथेरियमवर इथर. ते वॉलेटमध्ये नसेल तर यूएसडीटी तिथेच अडकून राहतं, थोडं आणून ठेवलं की प्रश्न सुटतो. याच अडचणीवर एक फसवणूक उभी आहे. कुणीतरी ‘मला मदत करा’ म्हणत स्वतःच्या वॉलेटचे गुप्त शब्द उघड लिहितो. आत भरपूर यूएसडीटी दिसतं, फीपुरतं टीआरएक्स तेवढं नसतं. हावेपोटी तुम्ही टीआरएक्स टाकता आणि ते क्षणात दुसरीकडे वळतं. आतलं यूएसडीटी त्या शब्दांनी हलणारच नसतं, वॉलेटवर दुसऱ्याच किल्लीचा ताबा असतो. दुसऱ्याचं लुटायला गेलेल्यांसाठीच लावलेला हा सापळा, त्यामुळे पोलिसांत जायलाही तोंड उरत नाही.

बारा शब्द कुठे ठेवायचे

स्वतःच्या वॉलेटचा खरा मालक म्हणजे सीड फ्रेज, १२ किंवा २४ शब्द. ते ज्याच्या हाती, नाणी त्याची. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतून येतात. काही मंडळी कुणाला कळू नयेत म्हणून ते देवनागरीत लिहून ठेवतात. ही हुशारी अंगलट येते, कारण त्या यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राइट आहे. चार वर्षांनी कोणता लिहिला होता हे कोण सांगणार? रोमन लिपीत, सुट्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहा. पहिली चार अक्षरं नीट वाचता आली तरी शब्द ओळखता येतो, कारण यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात.

स्क्रीनशॉट काढणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. फोटो आपोआप क्लाउडवर जातो. शिवाय गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधणारं ‘स्पार्ककॅट’ नावाचं मालवेअर २०२५ च्या सुरुवातीला सापडलं, तेही गूगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर या दोन्हींवरच्या ॲप्समध्ये. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवणं हेही तसलंच.

मग कागद. पण आपल्याकडचा पावसाळा कागदाला धार्जिणा नाही. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. जुन्या चाळीतलं भिंतीतलं कपाट जुलैमध्ये आतून दमट होतं. हिंदमाता किंवा कुर्ल्याला तळमजल्यावर राहणाऱ्याला २६ जुलै २००५ ची आठवण करून द्यायची गरज नाही. बॉलपेनने लिहा, दोन प्रती करा, प्लॅस्टिकमध्ये घाला आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. रक्कम मोठी असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरं ठोका. त्यासाठी अक्षरांच्या पंचांचा संच नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात विचारा. मात्र ठोकायचं काम स्वतः करा. नावाच्या पाट्या कोरणाऱ्याला शब्दांची चिठ्ठी दिली, तर तिजोरीची किल्लीच हातात दिल्यासारखं झालं.

पैसे टाकण्याआधी एक चाचणी कराच. वॉलेट पुसा, कागदावरचे शब्द घालून पुन्हा उभं करा. तेच पत्ते आले तर कागद खरा. नव्या फोनवर शब्द घातल्यावर शिल्लक शून्य दिसली, तरी लगेच हाय खाऊ नका. बऱ्याचदा टोकन जोडायचं राहिलेलं असतं, किंवा दुसरं खातं उघडलेलं असतं, किंवा शब्दांखेरीज वेगळा पासफ्रेज लावलेला असतो आणि तो विसरलेला असतो. या तिसऱ्या प्रकाराला औषध नाही.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर सांभाळणारं छोटं यंत्र, घेत असाल तर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या, वापरलेलं नाही. खोक्यात आधीच छापलेले शब्द मिळाले तर ते यंत्र वापरू नका. अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली, त्यानंतर काहींच्या घरी टपालाने बनावट पत्रं आणि बनावट यंत्रंसुद्धा गेली. लेटरहेड कितीही खरं वाटो, शब्द मागणारा चोरच.

घरच्यांना काहीच न सांगणं ही आपल्याकडची खास चूक. सोन्याच्या बांगड्या कुठे आहेत ते बायकोला माहीत असतं, वॉलेट आहे हेसुद्धा माहीत नसतं. शब्द सांगू नका हवं तर, पण असं काही आहे, कागद कुठे आहे आणि कोणत्या विश्वासू माणसाला विचारायचं, एवढं एका लिफाफ्यात लिहून ठेवा.

लोकलच्या दारात फोन गेला

दारात उभं राहून भाव बघणाऱ्याचा फोन रुळांजवळ उभी असलेली फटका गँग हातावर काठी मारून पाडते. फोन उघडा असेल तर एक्स्चेंजचं ॲप, ईमेल आणि ओटीपी सगळं एकाच जागी सापडतं. दुसऱ्या फोनवरून पहिलं काम सिम बंद करणं, मग ईमेलचा पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट, मग एक्स्चेंजला खातं गोठवायला सांगणं. फोनवर स्वतःचं वॉलेट असेल तर कागदावरचे शब्द काढून दुसऱ्या फोनवर ते उघडा आणि नाणी नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवा. जुनं वॉलेट पुन्हा वापरू नका. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याच फोनवर होतं आणि त्याची बॅकअप की लिहून ठेवली नव्हती, तर एक्स्चेंजकडे पुन्हा केवायसी करत बसावं लागतं. ती की आजच लिहा.

एक्स्चेंजवर सगळं ठेवावं का, हा प्रश्न येतोच. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली नाणी वर्षाहून जास्त काळ काढता आली नाहीत. दुसऱ्या बाजूला, आधार कार्ड दर सहा महिन्यांनी शोधणाऱ्या माणसाने २४ शब्द सांभाळायला घेऊ नयेत, असं माझं मत. त्याने केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, गेली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवावी. मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत. नोंदणी म्हणजे विमा नव्हे, पण निदान नोटीस कुणाला पाठवायची ते ठाऊक असतं.

पीटूपीमुळे बँक खातं गोठलं

चार रुपये जास्त भाव मिळतो म्हणून पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकलं. पैसे आले. काही आठवड्यांनी दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या नोटिशीवरून खातं बंद. कुणाला तरी फसवून मिळालेले पैसे हातोहात फिरत तुमच्या खात्यात आलेले असतात. त्याच खात्यात पगार येतो, त्यातूनच ईएमआय जातो.

अशा वेळी शाखेत जाऊन भांडू नका. गोठवण्याचा निर्णय त्यांचा नसतो. त्यांच्याकडून लेखी माहिती घ्या: कोणत्या ठाण्याची नोटीस, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत ऑर्डरचा तपशील, समोरच्याशी झालेलं चॅट, व्यवहाराचा हॅश, बँक स्टेटमेंट आणि केवायसी जोडा. वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करावं, अशी स्पष्ट मागणी करा. ‘आत ओळख आहे, सोडवून देतो’ म्हणणारे एजंट हमखास भेटतात, त्यांना पैसे देऊ नका. उत्तरच आलं नाही तर वकील गाठा.

मुळात पीटूपी टाळलेलं बरं. करायचंच असेल तर पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि ॲपवरचं केवायसीचं नाव एकच हवं. ‘भावाच्या खात्यावरून पाठवतो’ म्हटलं की ऑर्डर रद्द करा. पगाराचं खातं यासाठी कधीच वापरू नका. आणि फसवणूक तुमचीच झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवता येतात.

भिशीसारखं क्रिप्टो

ऑफिसातल्या पाचजणांनी मिळून एकाच्या खात्यावर बिटकॉइन घेणं हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. भिशीवर पोसलेल्या शहरात हे स्वाभाविकच. पण पॅन एकाचाच, टीडीएस त्याच्याच नावावर, नफा त्याचाच धरला जाणार आणि कर त्यालाच. तो नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला तर बाकीच्यांकडे एक्सेल शीटखेरीज काही नाही. प्रत्येकाने आपापलं खातं उघडा, हजार रुपयांचं का होईना.

कर

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस आहे. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. मोठी चूक तोट्याची: बिटकॉइनमध्ये १ लाख नफा आणि दुसऱ्या नाण्यात ८० हजार तोटा, तर कर २० हजारांवर नाही, पूर्ण १ लाखावर, म्हणजे ३१,२०० रुपये. तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच. क्रिप्टोने काही विकत घेणंही तसंच. ४० हजारांना घेतलेली नाणी देऊन ६० हजारांचा फोन घेतलात, तर २० हजारांच्या नफ्यावर ६,२४० रुपये कर लागतो. रोजच्या खर्चाला क्रिप्टो वापरण्याचा उत्साह इथेच मावळतो, आणि माझ्या मते मावळावा. प्रत्येक वडापावाचा हिशेब कोण ठेवणार? फोनवर डिजिटल पैसेच हवे असतील तर रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया आहे. त्याचा किरकोळ व्यवहारांचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पहिल्या चार शहरांत मुंबईही होती. तो क्रिप्टो नाही, साधा रुपयाच आहे, त्याचा भाव वरखाली होत नाही.

परदेशी ग्राहकाकडून यूएसडीटीत मानधन घेणाऱ्यांनी सीएला आधी विचारावं. मिळालेल्या दिवसाच्या भावाने ते उत्पन्न धरलं जातं, विकताना वाढलेल्या किमतीवर ३० टक्के वेगळे, आणि परकीय चलन बँकेतून न आल्याने जीएसटी आणि फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, प्रश्न उभे राहतात ते निराळेच.

१ जुलै २०२२ पासून कापला जाणारा १ टक्का टीडीएस तुमच्या पॅनवर आयकर खात्याला दिसतो, त्यामुळे रिटर्नमध्ये क्रिप्टोचा तक्ता रिकामा सोडला की विचारणा येऊ शकते. आणि ‘पैसे काढायचे तर आधी कर आमच्या खात्यात भरा’ असं कोणतंही ॲप म्हणालं, तर ते बनावट. खरं एक्स्चेंज टीडीएस व्यवहारातूनच कापतं, वेगळे पैसे मागत नाही.

व्यवहारांची यादी दर तीन महिन्यांनी डाउनलोड करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं की लॉगिनही बंद पडतं, आणि खरेदीची किंमत सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच राहते.