परड्यात काजू लावायचा असेल तर जागा आत्ताच बघून ठेवा

मृग आता आठवड्या-दहा दिवसांवर आलाय, नर्सऱ्यांच्या बाहेर टेम्पो लागायला लागलेत, म्हणजे या महिन्यात आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच घरी एक तरी काजूचं कलम येणार. आणि त्यातली बरीच चुकीच्या जागी लागणार हेही मला माहिती आहे, कारण आम्ही पण तेच केलं होतं. घराच्या मागे फणसाच्या बाजूला रिकामी जागा दिसली म्हणून तिथे लावला. झाड वाढलं, पानं हिरवीगार, बघायला छान, पण सहा वर्षं झाली तरी मूठभर काजूबी मिळेना. काजूचा मोहोर येतो तो फांदीच्या टोकाला, बाहेरच्या घेराला, जिथे ऊन लागतं तिथे. सावलीतला काजू उंच उंच जातो, धरत काही नाही.

मूळ घोळ हा आहे की काजू कातळावर, डोंगरउतारावर कोणी न बघता वाढतो, म्हणून आपण धरून चालतो की त्याला काही लागत नाही. तो जगतो हे खरं, पण जगणं वेगळं आणि धरणं वेगळं.

जागेचं सांगण्याआधी एक, दरवर्षी पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, गावच्या परड्यात बदाम लावू का, अक्रोड लावू का, पिस्ता चालेल का. नको लावू. या तिन्ही झाडांना थंडीत बरेच दिवस कडक गारवा लागतो, काश्मीर-हिमाचलकडे तो मिळतो, आपल्याकडे नाही. नर्सरीत बदाम म्हणून मिळतो तो बऱ्याचदा देशी बदाम असतो, शाळेच्या आवारात असतो तो, त्याची बी फोडून गर खाता येतो, लहानपणी दगडाने फोडून खाल्लाय सगळ्यांनी, पण तो दुकानातला बदाम नाही, झाडच वेगळं. कोकणात आणि गोव्यात घराजवळ लावायला काजूसारखं झाड नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला पण आता इथलाच झालाय. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना गोडंबी माहिती असेलच, ती ज्या बिब्ब्याची, तो काजूचा भाऊबंदच.

आता जागा. दिवसभर ऊन, पावसाचं पाणी थांबत नाही अशी, आणि घराच्या भिंतीपासून वीसेक फूट तरी लांब. आत्ता हातभर कलम दिसतं म्हणून गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाला, चिकटून लावतात आणि नंतर फांद्या शेजाऱ्याच्या कौलांवर. बागेत काजू 7 ते 8 मीटर अंतरावर लावतात, परड्यात दोन झाडं लावणार असाल तर तेवढंच सोडा. जागा एकाच झाडाची असेल तर एकच लावा, एकाच मोहोरात नर फुलं आणि पूर्ण फुलं दोन्ही असतात त्यामुळे एकटं झाडही धरतं.

खड्डा आत्ताच काढा, पाऊस लागल्यावर नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि चार दिवस उन्हात तापू दे. मग वरची चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट घालून भरा, जमिनीपेक्षा थोडा उंचवटा राहील असा, कारण भरलेली माती पावसात बसते आणि खळगा झाला की त्यात पाणी साचून कलम मरतं. शेणखत कुजलेलंच हवं, कच्चं घातलं की वाळवी आलीच म्हणून समजा.

कलम घेताना नीट बघा. बीपासून केलेलं रोप धरायला चार-पाच वर्षं घेतं आणि काजू कसला येईल याचा भरवसा नाही, कलम तिसऱ्या वर्षापासून धरायला लागतं. आम्हाला एकदा कलम म्हणून साधी रोपंच दिली होती, आणि ते कळलं कधी, तर झाड माणसाएवढं झाल्यावर. तेव्हापासून मी पिशवी उचलून खोडावर पाचरीचा जोड, म्हणजे चांगल्या झाडाची काडी रोपात पाचरीसारखी बसवल्याची खूण, दिसतोय का ते बघतो, जोड नाही तर कलम नाही. वाण म्हणाल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे, म्हणजे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. वेंगुर्ला-4 ला लाल बोंडू (बी लोंबते ते रसाळ फळ) येतो आणि बी साडेसात-पावणेआठ ग्रॅमची. वेंगुर्ला-7 चा बोंडू पिवळा आणि बी 10 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला शंभरच बिया. दोन्हीत गर साधारण 30 टक्के पडतो, दहा किलो बी फोडली तर तीन किलो गर. घरच्यासाठी मी वेंगुर्ला-7 लावीन, बी मोठी असली की ओले काजूगर काढताना हात कमी चिकटतात आणि उसळीला लवकर पुरतात.

लावायची घाई पहिल्या सरीला करू नका. वळवाचा एक पाऊस पडला की लोक लावून मोकळे होतात, मग आठ दिवस कडकडीत ऊन पडतं आणि कलम माना टाकतं. पाऊस लागून राहिला की लावा. पिशवी ब्लेडने कापून काढायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, आणि जोड जमिनीच्या वर दोन बोटं तरी राहिला पाहिजे. जोडाची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर काढा, ती खोडात रुतते आणि पुढे वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. बांबूची काठी लावून सैल बांधा. जोडाच्या खालून जे फुटवे येतील ते दिसले की खुडायचे, ते ठेवले तर वरचं कलम मरतं आणि खालचं गावठी रोप वाढतं, आणि आपण म्हणतो कलमाने फसवलं!

पहिली दोन वर्षं मोहोर आला तरी काढून टाका. जिवावर येतं, माझ्या आईने तर मला काढू दिला नव्हता, पण त्या वयात झाडाने अंग धरलं पाहिजे. जमिनीपासून अडीच-तीन फुटापर्यंतच्या फांद्याही हळूहळू काढा म्हणजे खोड मोकळं दिसतं. पावसाळा संपला की बुंध्याभोवती पातेरा, म्हणजे सुका पाला, घाला, खोडाला चिकटवू नका, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली पाणी द्या.

खत यंदा पुरेसं आहे, खड्ड्यात घातलंय तेवढं. झाड वर्षाचं झालं की पुढच्या ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर कमी झाला की, अर्धा किलो युरिया, चारशे ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि शंभर ग्रॅम पोटॅश, मग दरवर्षी तेवढंच वाढवत चौथ्या वर्षी दोन किलो युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट आणि अर्ध्या किलोच्या आत-बाहेर पोटॅश, पुढे दरवर्षी तेवढंच. फांद्यांच्या घेराखाली गोल चर मारून घाला आणि मातीने झाका, बुंध्यात ओतू नका.

ज्यांच्या परड्यात आधीच मोठा काजू आहे त्यांनी आजच बुंध्याशी बसून बघा. जमिनीलगत सालीतून भुसा पडलाय किंवा डिंक आलाय का? तो रोठा, खोड पोखरणारी अळी. आमचं सर्वात जुनं झाड यानेच गेलं, पानं पिवळी पडायला लागल्यावर आम्ही म्हटलं पाणी कमी पडलं असेल, आणि खरं तर तोवर आतून सगळी साल खाऊन झाली होती. लवकर कळलं तर पटाशीने तेवढीच साल तासून अळ्या काढून मारायच्या आणि दर पंधरा दिवसांनी परत बघायचं. अर्ध्याहून जास्त घेर खाल्लेला असेल तर झाड वाचत नाही, ते मुळासकट काढून लांब नेऊन जाळा, नाहीतर बाजूच्या झाडावर जातो.

दुसरा शत्रू ढेकण्या, रस शोषणारा किडा. त्याचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरला नवी पालवी फुटली की सुरू होतं, कोवळे शेंडे आणि मोहोर करपल्यासारखे काळे पडतात. झाडावर हुमल्यांची (पानं जोडून राहणाऱ्या लाल मुंग्यांची) घरटी असतील तर काढू नका, चावतात खरे पण ढेकण्याला तेच खातात. फवारायची वेळ आलीच तर औषध आणि प्रमाण त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहाय्यक) विचारून घ्या, फुलं उमललेली असताना मारू नका, मधमाश्या मरतात, आणि परड्यात विहीर असते, पोरं खेळत असतात, ते आधी बघा.

आत्ता या आठवड्यात एवढंच करा, सकाळी आठला, बाराला आणि चारला परड्यात जाऊन उभे राहा, तिन्ही वेळा जिथे ऊन असेल तिथे खुंटी मारा. खड्डा तिथे.