जुनी रेकॉर्ड नेमकी कधीची? आधी तबकडी वाचा, मग कव्हर

चोरबाजारात नाहीतर गावच्या घराच्या माळ्यावर एचएमव्हीची जुनी रेकॉर्ड सापडली की सगळे आधी कव्हर उलटून साल शोधतात, आणि तिथेच फसतात. गोलातल्या ‘पी’पुढे जे साल असतं ते गाणं पहिल्यांदा बाजारात कधी आलं त्याचं असतं, तुमच्या हातातली प्रत कधी निघाली त्याचं नाही, एखादी रेकॉर्ड खपत असली की कंपनी ती वर्षानुवर्षं तेच साल छापून काढत राहायची. मला एकदा नाट्यगीतांची एलपी (लाँग प्ले, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी रेकॉर्ड) ‘फर्स्ट प्रेसिंग’, म्हणजे अगदी पहिल्या खेपेतली प्रत, म्हणून विकली गेली, घरी येऊन बघतो तर कव्हर जुनं आणि आतल्या तबकडीचा नंबरच वेगळा. तेव्हापासून मी पैसे द्यायच्या आधी कव्हर, लेबल आणि तबकडी तिन्हींवरचा नंबर जुळवून बघतो.

आधी माल ओळखा. जड, ताठ, पडली की फुटणारी असेल तर ती 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, लाखेची रेकॉर्ड, आणि ती आपल्याकडे 1960 च्या दशकातही निघत होती, म्हणून 78 दिसली की लगेच ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणू नका. एकाच बाजूला गाणं आणि मागची बाजू कोरी असेल तर मात्र जपा, ती बहुतेक गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातली. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनून यायच्या, कलकत्त्यात सियालदहचा कारखाना 1908 चा आणि डमडमचा 1928 चा. (आणि हो, 78 ला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. ही चूक झाली की परत काही करता येत नाही.)

आता मधल्या लेबलजवळचा गुळगुळीत पट्टा बघा, जिथे खाचा संपतात. खिडकीपाशी जाऊन तबकडी तिरकी धरा, सावकाश फिरवा, उजेड एका कोनात पडला की कोरलेली अक्षरं एकदम उठून दिसतात. हा मॅट्रिक्स नंबर. आपल्याकडे कापलेल्या एलपीवर तो बऱ्याचदा ‘2एक्सजेई’ असा सुरू होतो. लेबल चुकीचं चिकटू शकतं, कव्हर बदलू शकतं, पण हा नंबर धातूच्या साच्यातून तबकडीवर उतरलेला असतो, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच. मात्र त्यावरून कळतं ते साच्याचं वय, प्रत नंतरचीही असू शकते.

मग लेबलवरचा कॅटलॉग नंबर, म्हणजे कंपनीने आपल्या यादीत त्या रेकॉर्डला दिलेला नंबर. ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. स्टिरिओ तबकड्या जगातच 1957-58 च्या आधी विकायला नव्हत्या, तेव्हा स्टिरिओ लिहिलेली कुठलीही प्रत त्याच्या नंतरचीच. सिनेमाची रेकॉर्ड असेल तर अजून सोपं, सिनेमाचं साल माहीत असतंच, आणि तुमच्या नंबरच्या आगेमागे असलेल्या दोन-चार सिनेमांची सालं लावली की अंदाज एक-दोन वर्षांवर येतो.

आणि आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी खूण, पत्ता. कव्हरच्या मागे खाली अगदी बारीक अक्षरात कंपनीचा नाहीतर छापखान्याचा पत्ता असतो, तिथे भिंग लावा. ‘कलकत्ता-28’ असं असेल तर कव्हर जुन्या पद्धतीचं, ‘700 028’ असा सहा आकडी पिनकोड असेल तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरच छापलंय, कारण पिनकोड आलाच त्या दिवशी. कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट’ असेल तर 1956 च्या कंपनी कायद्यानंतरचं. बारकोड दिसला तर पुढे बघायलाच नको, ती खूप नंतरची आवृत्ती. फक्त एक लक्षात ठेवा, उरलेली जुनी कव्हरं नंतरच्या प्रतींनाही वापरली जायची, म्हणजे पत्त्यावरून कव्हरचं वय कळतं, आतल्या तबकडीचं नाही.

हे सगळं जुळवूनही एकच साल हाती येत नसेल तर ‘1968 ते 72 च्या मधली’ असं पाकिटावर पेन्सिलने लिहा आणि लेबलचा, त्या कोरलेल्या नंबरचा फोटो काढून ठेवा, तसलीच दुसरी प्रत कधी हाताला लागली की शेजारी ठेवून बघता येते.