चष्म्याच्या नंबरावर कॉन्टॅक्ट लेन्स घेऊ नका: डोळे तपासण्यापासून लेन्स नीट बसेपर्यंत

चष्म्याच्या नंबराचा कागद पाहून दुकानदाराने लगेच लेन्सचा डबा पुढे केला, तर तो घेऊ नका. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, तर लेन्स बुबुळावरच्या अश्रूंच्या पातळ थरावर बसते. त्यामुळे मोठे नंबर बदलतात. शिवाय लेन्सचा बाक किती आणि रुंदी किती, ही दोन मापं चष्म्याच्या कागदावर नसतातच. ती डोळा मोजून आणि लेन्स प्रत्यक्ष डोळ्यात घालून ठरवावी लागतात. नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर आणि लेन्स तपासण्याचं शिक्षण घेतलेले) हे काम करतात. जिथे स्लिट लॅम्प (उजेडाची बारीक पट्टी टाकून डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक) नाही आणि ट्रायल म्हणजे नमुन्याची लेन्स घालून बघत नाहीत, तिथे लेन्स घेऊ नये.

जाण्याआधी

आधीपासून लेन्स वापरत असाल, तर निदान आदल्या दिवसापासून त्या काढून ठेवा. लेन्सखाली बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि माप चुकतं. सेमी-सॉफ्ट, म्हणजे थोड्या कडक, लेन्स असतील किंवा बुबुळाची टोपोग्राफी (त्याच्या चढउतारांचा नकाशा) करायची असेल, तर किती दिवस आधी काढायच्या ते फोन करून विचारा. जुन्या लेन्सचा डबा सोबत न्या.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असतानाच तपासायला जा. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांवरच्या काही गोळ्या, गरोदरपण, पूर्वीची डोळ्यांची शस्त्रक्रिया हे सगळं सांगायचं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींनी डोळे कोरडे पडतात. रोज किती तास एसीत आणि स्क्रीनसमोर बसता, दुचाकी किती चालवता, हेही सांगा. त्या दिवशी काजळ लावू नका.

डोळ्याच्या आतला पडदा तपासायला बाहुली मोठी करण्याचे थेंब घालणार असतील, तर लेन्सची ट्रायल त्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. त्या थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, आणि अशा डोळ्यांवर नंबर पक्का करता येत नाही. मायनस सहाच्या पुढचा नंबर असलेल्यांनी पडद्याची ही तपासणी दरवर्षी करून घ्यावी. लेन्समुळे चष्मा सुटतो, पण लांबलेल्या डोळ्याचा ताणलेला पडदा तसाच राहतो.

नंबर काढताना

हनुवटी टेकवून आत चित्र पाहायला लावणारं मशीन फक्त अंदाज देतं. खरा नंबर त्यानंतर, ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत, ६ मीटरवरचा किंवा आरशातून तेवढ्या अंतराचा केलेला तक्ता वाचून ठरतो. ‘हे बरं की ते?’ असं विचारल्यावर दोन्ही सारखंच दिसत असेल तर ‘सारखंच’ म्हणा. तेही उत्तरच आहे. तरुण डोळ्यांना जास्तीचा मायनस नंबर आवडतो, कारण अक्षरं बारीक आणि काळीभोर दिसतात. प्रत्यक्षात डोळ्याचे स्नायू ताण घेऊन ती जुळवून घेत असतात आणि संध्याकाळी कपाळ दुखायला लागतं. हे पकडायला लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतात. हिरव्यावरची अक्षरं जास्त ठसठशीत वाटली, तर मायनस जास्त झालाय.

मग लेन्सचा नंबर. चष्मा मायनस ४ पर्यंत असेल तर सहसा तोच नंबर चालतो. मायनस ६ चा चष्मा लेन्समध्ये मायनस ५.५० च्या आसपास येतो, मायनस ८ चा मायनस ७.२५ च्या. प्लस नंबर मात्र उलट वाढतो: प्लस ६ चा साधारण प्लस ६.५० होतो. सिलिंडर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा तिरका नंबर, ०.५० असेल तर त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवून साधी लेन्स देतात, मायनस २.०० बरोबर मायनस ०.५० असेल, तर मायनस २.२५. सिलिंडर ०.७५ किंवा त्याहून जास्त असेल तर टोरिक, म्हणजे सिलिंडरसकट बनवलेली, लेन्स मागा. ती महाग असते, पण साध्या लेन्सने रात्री दिव्यांभोवती पिसारे दिसत राहतात.

डोळ्याचं माप आणि तब्येत

केराटोमीटरने बुबुळाच्या मधल्या भागाचा बाक मोजतात. त्याची त्रिज्या बहुतेकांची ७.५ ते ८.२ मिलिमीटर असते. मऊ लेन्सच्या डब्यावर ८.४, ८.६ असे आकडे दिसतात, कारण ती बुबुळापेक्षा थोडी सपाट (त्रिज्येचा आकडा मोठा म्हणजे बाक सपाट) आणि बरीच रुंद असते: बुबुळ साधारण १२ मिलिमीटर, लेन्स १४ च्या पुढे. मापात बुबुळ फारच टोकदार आलं किंवा सिलिंडर दर खेपेला वाढत असेल, तर टोपोग्राफी करून केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) नाही ना हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोळे सतत चोळणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

यानंतर स्लिट लॅम्प. पापण्यांच्या मुळाशी कोंडा आहे का, वरची पापणी उलटून आत खरखरीत दाणे आहेत का, हे बघतात. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात डोळ्यावर कुठे ओरखडा आहे का तेही दिसतं. हा रंग मऊ लेन्समध्ये मुरतो, म्हणून लेन्स घालण्याआधीच वापरायचा आणि नंतर डोळा धुऊन घ्यायचा. रंग घातल्यावर एकदा पापणी मिटून उघडायला सांगतात आणि मग उघडीच ठेवायला लावतात. अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फुटून त्यात काळे ठिपके दिसले, तर डोळे कोरडे आहेत. आधी त्यावर उपचार घ्या. लेन्स महिनाभर उशिरा आली तर काही बिघडत नाही, पण कोरड्या डोळ्यावर लादलेली लेन्स दुपारपासूनच टोचायला लागते.

लेन्स कुठली

पहिल्यांदाच घेत असाल, किंवा लग्नकार्य आणि खेळापुरतीच हवी असेल, तर रोज नवीन घालून टाकून द्यायची लेन्स घ्या. तिला डबी आणि सोल्युशन लागत नाही, त्यामुळे संसर्गाच्या बऱ्याच वाटा बंद होतात. रोज वापरणाऱ्यांना महिन्याची लेन्स परवडते. मात्र तो महिना पाकीट उघडल्यापासून मोजायचा, किती दिवस घातली त्यावरून नाही. दिवसाचे दहा तास घालणार असाल तर सिलिकॉन हायड्रोजेलची मागा, तिच्यातून बुबुळाला ऑक्सिजन जास्त मिळतो. वर्षभर चालणाऱ्या लेन्स अजून विकल्या जातात. त्या टाळा, कारण इतके दिवस वापरलेल्या लेन्सवर साचलेला थर चोळूनही पूर्ण निघत नाही. नुसत्या रंगासाठी घेतलेली शून्य नंबरची लेन्ससुद्धा मापानेच बसवावी लागते.

ट्रायल

लेन्स घातल्यावर १५ ते २० मिनिटं बाहेर बसा. आधी पाणी येतं, मग लेन्स स्थिरावते. त्यानंतर स्लिट लॅम्पखाली तीन गोष्टी बघतात: लेन्स मधोमध आहे का, बुबुळ चारही बाजूंनी झाकलंय का, आणि पापणी मिटली की ती किंचित, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर, हलते का. मग तपासणारे खालच्या पापणीने लेन्स हलकेच वर ढकलतात. ती सहज सरकून परत जागेवर आली पाहिजे.

इथेच पुष्कळ लोक फसतात. घट्ट लेन्स पहिल्या दिवशी सगळ्यात आरामशीर वाटते, कारण ती हलतच नाही. खालचे अश्रू बदलत नाहीत, संध्याकाळी डोळा लाल होतो आणि पांढऱ्यावर कडेची गोल खूण उमटते. पापणी मिटल्यावर क्षणभर स्पष्ट दिसून मग मंद होत असेल तर लेन्स घट्ट आहे. मिटल्या मिटल्या धूसर होऊन मग साफ दिसत असेल तर ती सैल आहे.

टोरिक लेन्सवर बारीक खूण असते आणि ती किती फिरली हे बघावं लागतं. लेन्स १० अंश फिरली तरी सिलिंडरचा जवळपास एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता राहतो. ती फिरून एका जागी स्थिर राहत असेल तर तेवढा ॲक्सिस (सिलिंडरचा कोन) बदलून मागवता येते. दर वेळी वेगळीकडे फिरत असेल तर दुसऱ्या कंपनीची घालून बघा.

शेवटी लेन्स डोळ्यात असतानाच तक्ता आणि जवळचा मजकूर वाचा. मायनस नंबरच्या माणसाला चष्म्यापेक्षा लेन्सने जवळचं बघायला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे चाळिशीच्या सुमाराला मोबाइल एकदम लांब धरावासा वाटतो. हे ट्रायलमध्येच तपासा आणि गरज असेल तर लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सबद्दल बोला.

घालायला आणि काढायला तिथेच शिका

स्वतःच्या हाताने निदान दोनदा घालून काढल्याशिवाय घरी जाऊ नका. नखं कापलेली हवीत. साध्या साबणाने हात धुऊन, तंतू न सुटणाऱ्या कपड्याने कोरडे करा. पदर किंवा आंघोळीचा टॉवेल नको. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे लेन्सची अदलाबदल होत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर धरून बाजूने बघा: वाटीसारखी दिसली तर सुलट, कडा बाहेर पसरल्या असतील तर उलट. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, दुसऱ्या हाताने वरची पापणी थेट केसांच्या मुळाशी धरा. लेन्स टेकवा, खाली बघा आणि पापण्या हळूहळू सोडा. काढताना वर बघून लेन्स आधी खाली पांढऱ्यावर सरकवा आणि मगच चिमटीत धरा. बुबुळावरून सरळ उचलू नका, ओरखडा पडतो. लेन्स डोळ्यामागे जात नाही, तिथे वाटच नाही. वरच्या पापणीखाली दुमडून अडकली तर लेन्सवर चालणारे थेंब घालून खाली बघा आणि पापणी हलकेच चोळा.

पाण्याचा संबंध पूर्ण तोडा: नळाचं, टाकीचं, विहिरीचं, फिल्टरचं, उकळलेलंसुद्धा. पाण्यात अकँथामिबा नावाचा जंतू असू शकतो. तो बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. रोज जुनं सोल्युशन ओतून द्या, लेन्स तळहातावर चोळा आणि डबीत ताजं सोल्युशन भरा. डबी सोल्युशननेच धुऊन उघडी, पालथी वाळवा आणि दर तीन महिन्यांनी बदला. मिरच्या चिरायच्या असतील तर हातमोजे घाला, साबणाने धुतलं तरी तिखट बोटांवर राहतं. दुपारची डुलकी काढायच्या आधीही लेन्स काढा. रंगपंचमीला आणि पोहताना चष्माच बरा.

कागद मागून घ्या, पुन्हा दाखवा

त्यावर दोन्ही डोळ्यांसाठी लेन्सचं पूर्ण नाव, नंबर, बाक, रुंदी, टोरिक असेल तर सिलिंडर आणि ॲक्सिस, आणि किती दिवसांनी बदलायची हे सगळं हवं. एका कंपनीची ८.६ आणि दुसरीची ८.६ डोळ्यावर सारखी बसत नाही, म्हणून ऑनलाइन स्वस्त मिळाली तरी नाव बदलू नका. पहिल्या दिवशी चार तास घाला आणि रोज दोन तास वाढवा. आठवड्याने दाखवायला जाताना लेन्स निदान चार तास घातलेली असू द्या, नाहीतर घट्टपणा दिसणार नाही. पुढे वर्षातून एकदा जा.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि पुन्हा घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लेन्स आणि डबी टाकून न देता सोबत न्या, त्यावरून जंतू शोधता येतो. औषधाच्या दुकानातून थेंब मागून घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, पण संसर्ग आत वाढत राहतो.