एच.१०० बस: आधी क्लॉक, मग स्विचिंग

एच.१०० बस म्हणजे संगणकातल्या टेलिफोनी कार्डांना रिबन केबलने एकमेकांशी जोडणारा सामाईक मार्ग. तिच्यावर ३२ डेटा स्ट्रीम (माहिती वाहणाऱ्या वाहिन्या) असतात. ० ते १५ हे चार-चारच्या गटांनी २, ४ किंवा ८ मेगाहर्ट्झवर चालवता येतात. १६ ते ३१ कायम ८ वरच, प्रत्येकी १२८ टाइमस्लॉट (एका स्लॉटमध्ये एका बाजूचा आवाज). जुनं एमव्हिप (एच.१०० च्या आधीची टेलिफोनी बस) कार्ड जोडायचं असेल तरच खालचे गट २ वर आणा, कारण मग प्रत्येक स्ट्रीमला ३२च स्लॉट उरतात. गटाचा वेग सगळ्या कार्डांवर एकच हवा.

स्विचिंगला, म्हणजे स्लॉट एकमेकांना जोडण्याला, हात लावण्याआधी क्लॉक, म्हणजे सगळ्या कार्डांची सामाईक वेळ, नीट लावा. एक कार्ड ए-क्लॉकचं प्रायमरी मास्टर, एक बी-क्लॉकचं सेकंडरी (राखीव) मास्टर, बाकीची स्लेव्ह, म्हणजे त्यांच्या वेळेवर चालणारी. मास्टरला वेळ ई१ लाइनवरूनच (टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या डिजिटल लाइनवरूनच) घेऊ द्या. अंतर्गत ऑसिलेटरवर ठेवलंत तर स्लिप होतात, म्हणजे वेळ न जुळल्याने डेटा गळतो किंवा दोनदा येतो, फॅक्स अर्ध्यात तुटतात आणि दोष मात्र लाइनला दिला जातो. टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावायचा रोध) रिबन केबलच्या दोन टोकांच्या कार्डांवरच.

जोडणी एकतर्फी असते, हे बरेच जण विसरतात. बसवरून जाणाऱ्या एका संभाषणाला दोन जोडण्या, दोन स्लॉट लागतात. कॉल संपताच त्या स्लॉटवरचं कार्डाचं आउटपुट बंद करा. नाहीतर तोच स्लॉट दुसऱ्या कार्डाला दिला की दोन्ही कार्डं एकाच वेळी त्यावर बोलू लागतात.