आयरिश आडनावाचा माग: उगम कसा शोधायचा आणि आजचा प्रसार कसा मोजायचा

आयरिश आडनाव हाती आलं की बहुतेक जण आधी त्याचा अर्थ शोधतात. मर्फी म्हणजे समुद्रावरचा लढवय्या, सुलिव्हनमध्ये डोळा दडलाय, वगैरे. अर्थ सहसा चुकीचा नसतो, पण त्यातून कुळापर्यंत पोचता येत नाही. मर्फीच्या मुळाशी असलेलं मुरुखा हे दहाव्या-अकराव्या शतकात सर्रास ठेवलं जाणारं पुरुषाचं नाव होतं. त्या नावाच्या निरनिराळ्या माणसांच्या वंशजांनी, आपसांत काहीही नातं नसताना, एकच आडनाव लावलं. वेक्सफर्डचे मर्फी वेगळे, कॉर्कमधल्या मस्करीचे वेगळे (मस्करी नव्हे, त्या भागाचं नावच तसं आहे), आणि टायरोन-आर्माकडचे तर मुळात ‘ओ’वाले नाहीत, ‘मॅक’वाले. तेव्हा ‘अर्थ काय’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी ‘कुठल्या काउंटीतलं’ (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातलं) ते ठरवा. खालच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मर्फी हेच आडनाव उदाहरण म्हणून घेतलं आहे.

पायरी १: आडनाव सोलून बघा

‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आयर्लंडची वंशपरंपरागत आडनावं युरोपातल्या सर्वांत जुन्या आडनावांत मोडतात. गॉलवेकडच्या एका ओ क्लेरी सरदाराच्या मृत्यूची नोंद ९१६ सालची आहे. ओब्रायन हे क्लॉनटार्फच्या लढाईत १०१४ साली पडलेल्या ब्रायन बोरू या राजाच्या वंशजांचं आडनाव. ‘फिट्झ’ (हाही ‘मुलगा’च) मात्र नॉर्मन लोकांबरोबर ११६९ नंतर आलं, आणि वॉल्श म्हणजे सरळसरळ ‘वेल्सकडचा’. म्हणजे आयर्लंडमध्ये अतिशय पसरलेलं आडनाव गेलिक (म्हणजे जुन्या आयरिश भाषेच्या) मुळाचंच असेल, असं धरून चालू नका.

‘मॅक’ पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश आणि आखूड लिहिलं तर आयरिश, हा समज निराधार आहे. आखूड रूप हे केवळ लेखनिकाचा वेळ वाचवणारं. ‘ओ’नंतरचं चिन्हही (अपॉस्ट्रॉफी) इंग्रजी दप्तरातलं, आयरिशमध्ये ‘ओ’वर तिरकी रेघ असते आणि पुढे मोकळी जागा. हे बारीकसारीक वाटतं, पण शोधयंत्रं नेमकी इथेच अडखळतात. चिन्हासह, चिन्हाशिवाय, जोडून, तोडून असं चारही प्रकारे शोधल्याशिवाय ‘नोंद नाही’ म्हणू नका.

आयरिशमध्ये बाईचं आडनाव बदलतं. ओ मुरखू (मर्फीचं आयरिश रूप) घराण्यातली मुलगी ‘नी वुरखू’, त्या घरात लग्न होऊन आलेली ‘ई वुरखू’. मॅकवाल्यांत अनुक्रमे ‘निक’ आणि ‘विक’. पहिल्या व्यंजनाचा उच्चारही मऊ होतो, ‘म’चा ‘व’ होतो. १९११ च्या जनगणनेत काही घरांनी फॉर्म आयरिशमध्ये भरले आहेत. तिथे ही रूपं वेगळी आडनावं समजून मोजलीत तर आकडा फुटतो.

पायरी २: रूपांची यादी, आणि ती कशामुळे फसते

सतराव्या शतकापासून ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था निघाली त्या सुमारास, ते परत लावले जाऊ लागले. पण सगळ्यांनी लावले नाहीत. सुलिव्हनचे ओसुलिव्हन झाले, मर्फींनी मात्र ‘ओ’ परत घेतलाच नाही. ओमर्फी जवळपास सापडत नाही. म्हणून सुलिव्हन मोजताना दोन्ही रूपांची बेरीज हवी, मर्फीत तिची गरज नाही. आणि कधी कधी परत लावताना भलताच उपसर्ग लागला. क्लेअरचे गॉर्मन मुळात मॅक. परतले ते ओगॉर्मन होऊन.

त्याहून त्रासदायक म्हणजे भाषांतर. १४६५ मध्ये चौथ्या एडवर्डच्या काळात डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेर या चार काउंट्यांतल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत असा कायदा झाला: सटन किंवा ट्रिमसारखं गावाचं नाव, पांढरा-काळा-तपकिरी असा रंग, नाहीतर लोहार-सुतार असा धंदा. पुढेही भाषांतरं होतच राहिली. कॅव्हनमधले बरेच स्मिथ हे मॅक गावन, म्हणजे लोहाराचे वंशज. हे भाषांतर निदान बरोबर आहे. कॉनेमारातले काही किंग मात्र मॅक कॉनरी. शेवटचा ‘री’ ऐकून कुणीतरी ‘राजा’ ठरवून टाकला, मूळ नावाचा राजाशी संबंध नाही. अशी आडनावं इंग्लंडहून आलेल्या स्मिथ-किंगांत मिसळून जातात, आणि नुसत्या शब्दावरून ती कधीच वेगळी काढता येत नाहीत. तिथे काउंटी, धर्म आणि शेजारची घरं एवढाच आधार.

यादी घरबसल्या तर्काने बनवू नका. रॉबर्ट मॅथेसन या जन्म-मृत्यू निबंधक कार्यालयातल्या अधिकाऱ्याने स्थानिक निबंधकांकडून कळलेली पर्यायी रूपं छापून ठेवली आहेत: एकच कुटुंब जन्माच्या नोंदीत एक आणि लग्नाच्या नोंदीत दुसरं आडनाव लावतं, अशी प्रत्यक्षातली जोड्यांची यादी. कानाला मुळीच न पटणाऱ्या जोड्या तिथे भेटतात.

पायरी ३: काउंटी ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याबरोबर जळून गेले. १८६१ ते १८९१ चे त्याआधी सरकारनेच नष्ट केले होते. म्हणून एकोणिसाव्या शतकासाठी करवसुलीची दप्तरं हाच मुख्य रस्ता: १८२३ ते १८३७ ची टाइथ अप्लॉटमेंट पुस्तकं (चर्चसाठीच्या कराची), आणि १८४७ ते १८६४ दरम्यान छापलं गेलेलं ग्रिफिथचं मूल्यांकन (जमीन-घरांचं). दोन्ही मोफत पाहता येतात.

ग्रिफिथच्या पानावर डावीकडे नकाशाचा क्रमांक, मग ताबेदाराचं नाव, मग ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव, मग वर्णन, क्षेत्रफळ आणि मूल्य. शोधयंत्र दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातली नावं एकत्र दाखवत असेल, तर एक मोठा जमीनदार पन्नास वेळा येतो आणि काउंटी उगीच फुगते. फक्त ताबेदार मोजा. एकाच शेतकऱ्याचे तीन टाउनलँडमध्ये (जमिनीचा सर्वांत लहान विभाग) तुकडे असतील तर तो तीनदा येतो; लागून असलेल्या टाउनलँडमधली तीच नावं शंकेनेच बघा. ‘पॅट्रिक मर्फी (जॉन)’ असं दिसलं तर कंसातलं नाव बापाचं आहे, शेजारच्या दुसऱ्या पॅट्रिकपासून वेगळा ओळखू यावा म्हणून घातलेलं. हा कंस उतरवून घ्यायला विसरू नका. एका पिढीचा दुवा फुकटात मिळतो.

आणखी एक खोच आहे. हे मूल्यांकन सगळीकडे एकाच वेळी झालं नाही. दक्षिणेत आधी, उत्तरेत शेवटी. मध्ये १८४५ ते १८५२ चा दुष्काळ. १८४१ ची ८१,७५,१२४ लोकसंख्या १८५१ मध्ये ६५,५२,३८५ वर आली. तेव्हा एखाद्या काउंटीत टाइथ पुस्तकात आडनाव दाट आणि ग्रिफिथमध्ये विरळ दिसलं, तर ते गाळू नका. ती माणसं त्या दरम्यान मेली किंवा गेली.

दाटी मोजायची रीत सोपी आहे. समजा, देशातल्या सगळ्या घरांपैकी १० टक्के घरं एका काउंटीत आहेत आणि तुमच्या आडनावाची ४० टक्के घरं तिथे आहेत, तर भागाकार ४. साधारण ३ च्या वर गेलं की तिथे मूळ शोधण्यात अर्थ आहे. भागाकार दोन लांबच्या काउंट्यांत ३ च्या वर जात असेल, तर बहुधा दोन वेगळी कुळं आहेत, आणि मर्फीसारखी दोन शोधांची तयारी ठेवा. डब्लिन यातून वगळा. तिथे सगळीकडचे लोक येऊन राहिले. १९०१ (३१ मार्च) आणि १९११ (२ एप्रिल) च्या जनगणनेच्या फॉर्मवर ‘जन्म कुठे’ हा रकाना आहे आणि त्यात सहसा काउंटी लिहिलेली असते. डब्लिनमधल्या घरांतली मोठी माणसं त्या रकान्याप्रमाणे आपापल्या काउंटीत परत टाका. चित्र एकदम स्वच्छ होतं.

पायरी ४: किती आहेत ते मोजा

जुन्या आकड्यासाठी पुन्हा मॅथेसनच. त्याने १८९० मध्ये नोंदलेले १,०५,२५४ जन्म आडनावांप्रमाणे लावले. मर्फी १,३८६, केली १,२४२. पहिला आणि दुसरा क्रमांक. साधारण ४५ माणसांमागे एक जन्म, या हिशेबाने त्याने मर्फींची संख्या ६२,६०० आणि केलींची ५५,९०० धरली. तुमचं आडनाव त्याच्या तक्त्यात असेल तर जन्मांना ४५ ने गुणा, पण आधी जन्म किती आहेत ते बघा. १,३८६ जन्मांत वर्षागणिक निव्वळ योगायोगाने होणारी घटबढ साधारण ३७ ची, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. ५ जन्म असतील तर ती दोन-सव्वादोनची, म्हणजे जवळपास निम्मी. त्याने ५ पेक्षा कमी जन्मांची आडनावं तक्त्यात घेतलीच नाहीत, ते शहाणपणाचंच. विरळ आडनाव असेल तर १८६४ पासूनच्या नागरी नोंदणीतून दहा वर्षांचे जन्म स्वतः मोजा आणि सरासरी काढा.

आजच्या आयर्लंडसाठी जनगणनेतली नावं मिळत नाहीत. ती १०० वर्षं बंद असतात. (१८ एप्रिल १९२६ च्या जनगणनेची शंभरी २०२६ मध्ये भरते, पण ती फक्त २६ काउंट्यांची, उत्तर आयर्लंड त्यात नाही.) त्याऐवजी तिथलं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय नवजात बाळांच्या नावांबरोबर आडनावांचीही आकडेवारी देतं, आणि तिथेही मर्फीच वर आहे.

अमेरिकेचा आकडा उघड आहे: २०१० च्या जनगणनेत १०० किंवा जास्त वेळा आलेली सगळी आडनावं तिथल्या खात्याने प्रसिद्ध केली. मर्फी ३,०८,४१७, क्रमांक ६४. आता इथेच लोक घसरतात. ‘मर्फी आयर्लंडपेक्षा अमेरिकेत पाचपट’ असं लिहून मोकळे होतात. एकूण लोकसंख्येने भागून बघा: अमेरिकेत हजारी एक, १८९० च्या आयर्लंडमध्ये हजारी तेरा. एकाच वेळी पाचपट जास्त आणि बारापटीहून विरळ. यातला एकच आकडा लिहिणं म्हणजे वाचकाला फसवणं. शिवाय आडनाव म्हणजे वंश नव्हे. अमेरिकेतल्या मर्फींमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबंही बरीच आहेत, एडी मर्फी हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव.

जगभरच्या प्रत्येक देशाचा नेमका आकडा दाखवणारी संकेतस्थळं आहेत. आकडा कुठून आला आणि कुठल्या वर्षाचा, हे तिथे लिहिलेलं नसेल तर तो वापरू नका. फोनच्या यादीवरून फुगवलेला अंदाजसुद्धा शेवटच्या अंकापर्यंत छापला की खरा वाटतो.

पायरी ५: परदेशातल्या कुटुंबाला काउंटीशी जोडा

परदेशात गेलेल्याच्या कागदावर बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ असतं. तेव्हा त्याच्या थडग्यावरचा लेख, लग्नाची चर्चमधली नोंद, आणि साक्षीदारांची आडनावं बघा. साक्षीदार बहुतेक वेळा गावाकडचेच असतात. मर्फीसारख्या आडनावाचा शोध लागतो तो सोबतच्या एखाद्या विरळ आडनावामुळे. ही दोन आडनावं ग्रिफिथमध्ये एकाच पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीवरून पडलेला स्थानिक विभाग) येतात का ते पाहा, आणि मग त्या पॅरिशची कॅथलिक नोंदवही उघडा. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या नोंदवह्या २०१५ पासून मोफत खुल्या केल्या आहेत. त्यांत पहिली नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात: याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. कॅथलिक पॅरिश आणि करदप्तरातली नागरी पॅरिश यांची नावं-हद्दी जुळतीलच असं नाही. नोंदवही सापडली नाही, तर बऱ्याचदा चूक इथेच असते.

‘आमचं आडनाव एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कजवळचं, स्थलांतरितांची तपासणी होई ते बेट) बदललं’ ही कथा मात्र बाजूला ठेवा. प्रवाशांच्या याद्या जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरात तयार करत, बेटावर त्या नुसत्या ताडून बघितल्या जात. बदल दिसला तर तो निघण्यापूर्वीच्या नाहीतर तिथे स्थायिक झाल्यानंतरच्या कागदांत शोधा.

वाय गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे, म्हणजे आडनावाच्याच वाटेने जाते. वेक्सफर्डचे मर्फी की कॉर्कचे, हा प्रश्न कागद संपल्यावर तिथे सुटू शकतो. पण एका माणसाच्या निकालातून काही कळत नाही; काउंटी पक्की ठाऊक असलेल्या त्याच आडनावाच्या इतरांशी तो ताडावा लागतो. दत्तक, आईचं आडनाव लावलेलं मूल, अशी एक जरी पायरी मध्ये असली तरी जुळणी तुटते. म्हणून एकाच घराण्याच्या दोन दूरच्या शाखांतल्या दोन पुरुषांची चाचणी करून मगच निष्कर्ष लिहा.