स्क्वॉडमधला जपून खेळणारा गडी कसा तयार करायचा

गावातल्या बहुतेक बीजीएमआय (मोबाइलवरचा लढाईचा गेम, शेवटपर्यंत टिकणारी टीम जिंकते) स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, चारही पोट्टे रश करणारे, थेट अंगावर धावून जाणारे असतात. गोळीचा आवाज आला की चौघं एकाच दिशेनं सुटतात आणि दोन मिनिटांत चौघंही मरून लॉबीत, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर परत. अशा टीमला पाचवा हुशार नेमबाज शोधायची गरज नाही. आहे त्या चौघांतल्या एकाला न मरण्याचं काम द्यायचं.

आधी गुण बघा. सध्याच्या मोठ्या स्पर्धांमध्ये १६ टीम असतात. पहिलीला १०, दुसरीला ६, मग ५, ४, ३, २, १ आणि आठवीला १. नवव्या नंबरापासून खाली शून्य. प्रत्येक किलचा, म्हणजे मारलेल्या शत्रूचा, एक गुण वेगळा. तीन किल करून बाराव्या नंबरावर बाद झालेली टीम ३ गुणांवर अडकते, एकच किल करून तिसरी आलेली टीम ६ नेते. रूम (गावपातळीवरची खासगी मॅच) भरवणाऱ्यानं जुना १५-१२-१० चा तक्ता ठेवला असेल तर जगण्याची किंमत आणखी वाढते, म्हणून तक्ता आधी विचारून घ्या.

दुसरं कारण गेमच्या नियमातच आहे. नॉक झालेला, म्हणजे जखमी होऊन जमिनीवर पडलेला गडी टीममधलं कोणीतरी उभं असेपर्यंतच जिवंत राहतो. शेवटचा उभा गडी पडला की जमिनीवरचे सगळे त्याच क्षणी बाद. कबड्डीत एक जण आत असेपर्यंत लोण चढत नाही आणि तोच गुण आणून बाकीच्यांना जिवंत करतो, तसंच हे.

या कामाला सगळ्यात कच्चा खेळणारा बसवतात, तिथंच चूक होते. इथं नेम ठीकठाक चालतो, पण डोकं थंड लागतं. पिंगही बघा, म्हणजे नेटला लागणारा उशीर, मिलिसेकंदांत. समोरासमोरच्या लढाईत कोपऱ्यावरून आधी बाहेर येणाऱ्याला नेटच्या उशिराचा फायदा मिळतो. ज्याची पिंग १५० च्या वर आहे तो भिंतीमागं परत आला असं त्याला दिसतं, आणि तरी मरतो. असा गडी पुढं पाठवून काही उपयोग नाही. मागून ८०-१०० मीटरवरून मारायला तो चालतो.

बॅग अशी भरा: एम४१६ आणि मिनी१४ या दोन बंदुका. दोन्हींना ५.५६ चीच गोळी लागते, त्यामुळं १८० ते २०० गोळ्यांत भागतं आणि उरलेल्या जागेत स्मोक (धुराचे बॉम्ब) बसतात. स्मोक किमान ४, फ्रॅग (फुटणारा बॉम्ब) १ किंवा २, फर्स्ट एड ५, ड्रिंक ५, पेनकिलर २-३. चौघांपैकी जास्तीचे स्मोक याच्याकडंच द्यायचे, कारण शेवटी उभा राहणारा हाच. क्रेटच्या (मेलेल्याच्या सामानाच्या पेटीच्या) लालचेत हा गडी मोकळ्यावर गेला की सगळं मुसळ केरात.

जागा हा खरा विषय. पुढच्या दोघांपासून ३० ते ५० मीटर मागं, पण सरळ त्यांच्या मागं नाही, थोडं बाजूला. एकाच रेषेत उभं राहिलं की एकाच शत्रूला तिघं दिसतात. बाजूला असलं की त्याला दोन तोंडं करावी लागतात. पुढचा गडी नॉक झाला तर लगेच मारा. शत्रूचं हेल्थ तेव्हा कमी असतं आणि बहुधा तो रीलोड करत असतो. ती संधी दोन-तीन सेकंदांची. ५० मीटरपेक्षा लांब बसलेला गडी ती नेहमी हुकवतो, आणि मग टीम त्याला कॅम्पर (एका जागी लपून बसणारा) म्हणते ते बरोबरच आहे. जपून खेळणं म्हणजे गोळी न झाडणं नव्हे. तसं केलं तर पुढचे तिघंच चौघांशी लढतात.

आता रिव्हाइव्ह, म्हणजे नॉक झालेल्याला परत उभं करणं. यात लोक सगळ्यात जास्त मरतात. उचलायला १० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ हात बांधलेले. म्हणून पळत जाण्याआधी विचारायचं, “पयलं सांग बे, गोळी कुठून आली?” दिशा कळल्याशिवाय हलायचं नाही. पडलेल्यानं स्वतः रांगत झाड, दगड, बांध, जे जवळ असेल त्यामागं यायचं. पहिला स्मोक पडलेल्याच्या अंगावर टाकू नका, तो शत्रू आणि त्याच्या मधे टाका. अंगावर टाकला की शत्रू धुराच्या मध्यावर सरळ मॅगझिन रिकामं करतो. धूर पूर्ण पसरायला थोडा वेळ लागतो, तोवर थांबा. दुसरा स्मोक १५-२० मीटर बाजूला, फसवायला. मग उचला. उचललेल्याला आधी फर्स्ट एड, गप्पा नंतर. परत नॉक झाला तर रक्त आधीपेक्षा लवकर जातं, हे लक्षात ठेवून त्याला लगेच पुढं पाठवू नका.

तिघंही गेले तर लढाई सोडा. ड्रिंक पिऊन झोनच्या (आकसत जाणाऱ्या सुरक्षित गोलाच्या) काठाकाठानं, शक्यतो आधीच आत. आता बाकी टीम आपसांत लढतील, प्रत्येक टीम बाद झाली की तुमचा नंबर वर सरकतो. मेलेल्या तिघांनी माइक बंद ठेवावा. “मार ना बे त्याले” हा सल्ला इथं टीमचे गुण खातो.

मॅच संपल्यावर निकालाच्या पडद्यावर किलच्या आधी सर्व्हायव्हल टाइम, म्हणजे कोण किती वेळ जगला ते बघा. वेळ मोठा आणि डॅमेज (शत्रूला केलेली इजा) ५० च्या आत असेल तर गडी फक्त लपतोय. त्याला दहा मीटर पुढं आणा. डॅमेज भरपूर पण चौघांत पहिला मरतोय, तर त्याला हे काम जमत नाही, दुसरा निवडा.

राहिलं फोन आणि नेट. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या आसपास गेला की फोन तापून फ्रेम पडतात, गेम अडखळतो. कव्हर काढा, ग्राफिक्स स्मूथवर ठेवा, चार्जिंगला लावून खेळू नका. कूलरसमोर बसा, पण अगदी तोंडाशी नको, ती हवा ओली असते आणि बोटं घसरतात. गावठाण फीडरची लाइट गेली की राउटर बंद होतो, आणि एकाच घरात बसलेले चौघं एकदम डिस्कनेक्ट होतात. गेममध्ये त्यांचे गडी जागच्या जागी उभे राहतात, मारणाऱ्याला फुकटचे चार किल. म्हणून जपून खेळणाऱ्याला वायफायवर घेऊच नका. त्याचं स्वतःचं सिम, तेही बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कंपनीचं, आणि मॅचआधी बॅटरी ६० टक्क्यांच्या वर.